तुझ्या पायरीवरचं गवत

मंचर,
२९ ऑगस्ट

प्रिय सायरा,

जय जिनेंद्र. माझा सलामही त्यातच धर.

काल आमची संवत्सरी झाली. वर्षभरात कळत-नकळत कोणाला दुखावलं असेल तर हात जोडून माफी मागायचा हा दिवस, हे तुला काय नव्यानं सांगायचं. इतकी वर्षं तूच या दिवशी सकाळी मागच्या भिंतीवरून ओरडायचीस, "पाने, माफ केलं गं. आता खायला काय देतेस?" मी अजून माफी मागितलेलीच नसायची. यंदा भिंतीपलीकडून कोणी ओरडलं नाही. मी दोनदा मागच्या दारात जाऊन आले आणि मग कागद घेतला. तुला फोन करून उपयोग नाही. तू नुसती हं हं करतेस, आणि कानातलं यंत्र तू डबीत घालून कपाटात जपून ठेवलंयस, असं तुझा तन्वीर सांगतो. यंत्र कानात घालायचं असतं, सायरा. ते काय मोत्यांचे कुडे आहेत?

तर मिच्छामि दुक्कडम्. माझ्या वागण्यानं तुला लागलं असेल तर माफ कर.

आता माझं म्हणणं ऐक. तू तुमच्या गादीकारखान्यात उंदरांसाठी तो चिकट पुठ्ठा लावलास. त्यावर एक पिल्लू चारी पायांनी चिकटून ओरडत होतं. तुला ते ऐकू येत नव्हतं, मला येत होतं. मी खोबरेल तेलाची वाटी घेऊन आत शिरले, त्याचा एकेक पाय सोडवला आणि त्याला जाऊ दिलं. यात माझं काय चुकलं? आणि तू भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हणालीस, "हिच्या दुकानातला गहू खाऊन माजलेले उंदीर माझ्या कापसात येऊन पिल्लं घालतात, आणि ही त्यांची दाई." दाई म्हणालीस मला. वर म्हणालीस, "आता आमच्या घरातलं कोणी तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही." कापसाची दोन गाठोडी कुरतडली गेली होती, अजीजभाई जाऊन वर्ष झालं नव्हतं, तुझा जीव थाऱ्यावर नव्हता, हे मला समजतं. पण महिन्याभरात तू आळेफाट्याला तन्वीरकडे राहायला गेलीस आणि जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. टेम्पोत पुढे बसलीस आणि मान ताठ ठेवलीस. तुझी मान दुखत असते, मला माहीत आहे, तरीही ताठ ठेवलीस.

जाऊ दे. तन्वीरचं ट्रकच्या सीटा शिवायचं दुकान बरं चाललंय असं अरिहंत सांगतो. तो दर आठवड्याला गव्हाच्या कामासाठी तिकडे येतोच, त्याच्याबरोबर हे पत्र आणि खाकऱ्यांचा डबा पाठवते. मेथीचे आहेत. आई पाठवते म्हणून तो निमूट आणून देईल, तूही निमूट घे.

तन्वीरच्या इफराला अवसरीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणे. ऐकून फार बरं वाटलं. तुमच्या घरातली पहिली इंजिनिअर. पोरगी चांगली उंच झाली असं ऐकते. झोपताना अजून उशी पायात धरते आणि चहात बिस्किट बुडवून विसरते, असंही कानावर येतं. संध्याकाळी ती तुला व्हिडिओवर तोंड दाखवते आणि तू तिचे ओठ वाचतेस, तेही समजलं. गावात काय, सगळं समजतं.

बाकी ठीक. हल्ली आमच्याकडे कांदा येतो. वेगळा तवा, वेगळी सुरी, मागच्या पडवीत. अरिहंतला आवडायला लागलाय. वय झालं की माणसाची जीभ बदलते.

तुझी,
पानबाई


मंचर,
१७ सप्टेंबर

सायरा,

डबा परत मिळाला. रिकामा. घासूनपुसून, झाकण घट्ट लावून रिकामा. चिमूटभर साखर तरी टाकायची होतीस. कोणाचा डबा रिकामा पाठवू नये, हे मला लग्न होऊन आल्यावर तूच शिकवलंस. त्या वेळी तुझ्या डब्यात काय घालावं हे मला सुचेना म्हणून मी दोन लवंगा घातल्या होत्या आणि तू आठवडाभर हसत होतीस.

असो. खाकरे खाल्लेस ना? मग झालं.

तू गेल्यापासून तुमची बाजू सुनी पडली आहे. पावसानं परसात तुमच्या अर्ध्या भागात गवत माजलंय, घाणेरीची झुडपं खिडकीपर्यंत आलीत. अजीजभाईंनी लावलेला शेवगा मात्र झकास आहे. मी माझ्या अर्ध्यात सकाळी पक्ष्यांना ज्वारी टाकते, नेहमीसारखी. कबुतरं येतात, चिमण्या येतात, उरलेलं संध्याकाळी उंदीर नेतात. तू म्हणायचीस, "पाने, तू पक्ष्यांना घालतेस पण ताट मांडतेस उंदरांना." आता म्हणायला कोणी नाही, म्हणून मीच आठवून घेते.

दुकानात उंदीर फार झालेत. अरिहंत म्हणाला, "आई, औषध टाकू या." मी म्हटलं, माझ्या डोळ्यांदेखत नाही. त्यानं तारेचा पिंजरा आणून दिला. रोज एखादा सापडतो. कधी दोन. पूर्वी मी पिंजरा घेऊन ओढ्यापर्यंत जायचे आणि तिथे दार उघडायचे, तुला आठवत असेल, तू म्हणायचीस की पानबाई लेकीला सासरी पोचवायला निघाली. आता गुडघे तेवढं चालू देत नाहीत. मागेच सोडते. जीव वाचला म्हणजे झालं, त्याला जागा कितीशी लागते?

कालचा एक चांगला मोठा होता. पिंजऱ्याचं दार उघडलं तरी बाहेर येईना, माझ्याकडे बघत बसला. इफरा म्हणाली, "पानआजी, त्याला तुझ्याकडेच राहायचंय."

म्हणजे, इफरा असती तर असं म्हणाली असती. तिचा स्वभावच तसा आहे.

या डब्यात शंकरपाळे आहेत. दात जपून.

पानबाई


मंचर, दवाखान्यातून
४ ऑक्टोबर

सायरा,

हे पत्र शेवटपर्यंत वाच, मग मला काय बोलायचं ते बोल.

इफरा माझ्याकडे राहते. कॉलेज सुरू झालं त्या दिवसापासून. होस्टेलला नंबर लागला नाही, तन्वीर तिला घेऊन अवसरीत खोल्या बघत फिरत होता. अवसरी इथून जवळच, संध्याकाळी ती नुसती मला भेटायला म्हणून दारात आली आणि मी तिची बॅग आत घेतली. तन्वीर नको म्हणत होता. मी म्हटलं, या पोरीचं जन्मल्यावरचं पहिलं न्हाणं मी घातलंय, ती परक्याच्या खोलीत राहणार नाही. तुला सांगायचं नाही असं आम्ही तिघांनी ठरवलं, कारण तुझं ते उंबऱ्याचं बोलणं. कांदा तिच्यासाठी येतो. अरिहंतनं जन्मात खाल्ला नाही.

आता पुढचं. इफराला गेल्या रविवारपासून ताप आहे. डोकं फुटतंय म्हणत होती, अंग ठणकत होतं. मी काढा दिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी डेंगीची तपासणी केली, ती नाही निघाली. टायफॉइडचं औषध सुरू केलं. ताप हटेना. काल सकाळी तिला जिना उतरताना धाप लागली, ओठ निळसर दिसले. अरिहंतनं उचलून गाडीत घातलं आणि इथे मोठ्या दवाखान्यात आणलं. नाकाला ऑक्सिजनची नळी लावली आहे.

इथल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांनी तिला कुशीवर वळवलं आणि पाठ, काखा, कंबर असं सगळं अंग तपासायला लागल्या. मला कळेना काय शोधतायत. मग सलवारीच्या नाडीखाली कमरेवर त्यांना एक डाग सापडला. पेटती उदबत्ती टेकवावी तसा, काळी खपली आणि भोवती लाल. इफरा हळूच म्हणाली, "ती पुळी आहे, दुखत नाही, म्हणून सांगितलं नाही." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुखत नाही म्हणूनच फसायला होतं." तो चावा आहे म्हणे. डोळ्याला दिसतही नाही इतका बारीक किडा असतो, उंदरांच्या अंगावर पोसतो आणि उंदीर जिथे फिरतात त्या गवतात पसरतो. माणूस तिथे बसला की कपड्यात शिरतो. त्याच्या चाव्यातून हा ताप येतो. स्क्रब टायफस नाव सांगितलं. रक्त तपासायला गेलंय, पण त्या थांबल्या नाहीत, औषध लगेच सुरू केलं.

मग त्यांनी मला विचारलं, "आजी, घराजवळ गवत आहे का? उंदीर आहेत का?" मी म्हणाले, "गाव म्हटल्यावर उंदीर असायचेच." एवढंच म्हणाले.

औषध साधं आहे, स्वस्त आहे, आणि वेळेवर मिळालं तर दोन दिवसांत माणूस उठून बसतो, असं त्या म्हणतात. पण आपल्याला उशीर झालाय. छातीत सूज आली आहे. परवापर्यंत ताप उतरला तर पोरगी आपली. नाही उतरला तर पुण्याला न्यावं लागेल, आणि मग पुढचं त्या बोलल्या नाहीत.

तन्वीर इथेच बाकावर बसलाय. म्हणतो, "मावशी, अम्मीला आत्ता नका कळवू, तिचं बीपी लई वाढतंय." मी म्हणाले, तुझ्या आईपासून मी एक गोष्ट लपवली, आता दुसरी नाही लपवणार.

अरिहंत खाली गाडीत बसलाय. बीपीच्या गोळ्या घे, चष्मा घे, ते यंत्रही घे. चप्पल घाल आणि निघ. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. ती तापात सारखी दादी दादी करतेय.

पानबाई


मंचर,
१३ ऑक्टोबर

प्रिय सायरा,

इफरा आता जेवते का? पायऱ्या चढताना दम लागतो का? तू तिला घेऊन गेलीस तेव्हा तिच्या गालावर थोडा रंग आला होता. तन्वीर म्हणतो, काल अंडाबुर्जी मागितली. मागू दे. मी इकडून काही बोलत नाही.

दवाखान्यात तू माझ्याशी बोलली नाहीस, ते मी धरून चाललेच होते. तू आलीस, पोरीच्या कपाळावर हात ठेवलास आणि तिथेच रुतून बसलीस. मी समोरच्या स्टुलावर. मधे पलंग. पण सूर्य मावळायला आला तसं तू माझ्याकडे न बघता पिशवीतलं केळं काढलंस आणि पलंगावरून माझ्यापुढे सरकवलंस. सूर्यास्तानंतर मी तोंडात काही घालत नाही, हे तिथे फक्त तुलाच आठवलं. मला तर स्वतःला आठवलं नव्हतं. ते केळं मी रडत खाल्लं. तू बघितलंस की नाही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी इफराचा ताप उतरला, तिनं डोळे उघडून आपल्या दोघींकडे बघितलं आणि म्हणाली, "बापरे, दोघी एकाच खोलीत?" तेव्हा तू हसलीस. तेवढं हसू मी घरी घेऊन आले.

आता जे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही आणि तुला पत्रात लिहिलं नाही, ते लिहिते.

मी उंदीर मागे सोडते असं लिहिलं होतं. मागे म्हणजे तुझ्या बाजूला. माझ्या अर्ध्यात पक्षी येतात, दाणे असतात, तिथे सोडले तर ते परत दुकानात शिरणार. तुझ्या अर्ध्यात उंच गवत, लपायला झुडपं, विचारायला कोणी नाही. रोज पिंजरा भिंतीवर टेकवायचा आणि दार तुझ्याकडे उघडायचं. मला वाटायचं, मी जीव वाचवतेय. वाचवत होतेच. फक्त तुझ्या दारात.

आणि इफरा रोज संध्याकाळी तिथेच बसायची. तुमच्या मागच्या पायरीवर, कमरेएवढ्या गवतात. मी विचारायचे, अगं घरात बसून बोल की दादीशी. तर म्हणायची, इथे रेंज चांगली येते. खरं कारण तिनं दवाखान्यात सांगितलं. "पानआजी, घरात बसले असते तर दादीला मागे तुझी भिंत दिसली असती, भिंतीवरचं घड्याळ दिसलं असतं. तिनं ओळखलं असतं. म्हणून बाहेर बसायचे, नुसतं झाडझुडूप दिसेल असं." आपण दोघी बोलत नव्हतो, सायरा, म्हणून पोर घर सोडून गवतात बसली. आणि त्या गवतात मी रोज उंदीर आणून सोडत होते.

तुम्ही गेल्यावर मी गवत कापणाऱ्या भागूला बोलावलं आणि तुमची बाजू साफ करून घेतली. पायात बूट, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, कमरेला घट्ट दोरी, असं सगळं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे घालायला लावलं. तो म्हणत होता, "काकी, गवात कापायचंय का लढाईला जायचंय?" मग झुडपं निघाली तशी जमीन दिसली, जिकडेतिकडे बिळं. भागू थांबला. म्हणाला, "आमी लई परसं साफ केली, पर हितं तर उंदरांचं गावच वसलंय. कोन घालतंय यान्ला खायला?"

डॉक्टरीणबाईंना परत भेटले आणि सगळं खरं सांगितलं. मला वाटलं, त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "आजी, नुसते उंदीर मारूनही भागत नाही. उंदीर मेला तरी गवतातले किडे तिथेच राहतात, आणि त्यांना मग माणूस सापडतो. आधी गवत काढा, दाणा उघडा ठेवू नका. खायला नसलं तर उंदीर आपोआप कमी होतात." म्हणजे तुझा पुठ्ठाही चुकला आणि माझा पिंजराही. पण तुझ्या चुकीनं माझा उंदीर अडकला होता, माझ्या चुकीनं तुझी नात. हे बरोबरीचं नाही.

ज्वारी आता टांगलेल्या ताटलीत ठेवते आणि दुपारीच झाडून घेते. दुकानात पत्र्याच्या कोठ्या आणल्या. दया सोडली नाही मी, सायरा, ती माझ्यानं सुटणार नाही. पण दया करून टाकायची आणि पुढे बघायचंच नाही, हे चुकलं.

ऑगस्टमध्ये मी तुला मिच्छामि दुक्कडम् लिहिलं आणि लगेच पुढे 'आता माझं म्हणणं ऐक' लिहिलं. ती काही माफी नव्हती. आज पुन्हा लिहिते. मिच्छामि दुक्कडम्. पुढे काही नाही.

पानबाई


आळेफाटा,
१७ ऑक्टोबर

पाने,

मला लिहायची सवय नाही, अक्षर वेडंवाकडं आहे, तसंच वाच. इफरा म्हणाली, दादी तू सांग, मी लिहिते. मी म्हटलं, नको, हे माझं मलाच लिहू दे.

पोरगी बरी आहे. जेवते, भांडते, मोबाइल बघते.

तू लिहिलंस ते सगळं दोनदा वाचलं. तुझ्या उंदरांचं वाचून राग आला. खोटं कशाला बोलू. माझ्याच दारात सोडलेस. सकाळभर राग होता. मग दुपारी मशीनवर बसले, ट्रकची सीट शिवत होते, आणि माझंच मला आठवलं आणि हात थांबला.

पाने, मला आधीपासून ठाऊक होतं.

तुझ्या पहिल्या पत्रातच कळलं होतं. अरिहंत कांदा खातो म्हणे. त्याला मी कडेवर खेळवलाय, कांद्याच्या वासानं तो माझ्या स्वयंपाकघरातून पळून जायचा. आणि इफरा मोबाइलवर म्हणायची, "दादी, ही आमच्या कॉलेजची बाग." कॉलेजच्या बागेत माझ्या अजीजचा शेवगा कसा उगवला? आणि त्याच्यामागे तारेवर तुझं ते विटकं हिरवं लुगडं रोज कोण वाळत घालतं? मला कमी ऐकू येतं, दिसतं चांगलं. तुम्ही तिघं मला फसवत होता आणि मी फसल्यासारखं करत होते. रागावले नाही. उलट बरं वाटत होतं. पोरगी तुझ्याकडे आहे म्हटल्यावर मी निवांत झोपत होते. पण ते तुला सांगायचं म्हणजे आधी माझी मान खाली घालायला हवी होती.

आता ऐक. ती रोज पाचच मिनिटं बोलायला बसायची. मग म्हणायची, "दादी, किडे चावतायत, आत जाऊ का?" आणि मीच म्हणायचे, थांब बेटा, अजून जरा बस. फोन थोडा डावीकडे धर. उगाच अभ्यासाचं विचारायचे, जेवणाचं विचारायचे, वेळ काढायचे. कारण त्या वेळी तू मागच्या दारात यायचीस. कधी खराटा घेऊन, कधी नुसतीच कमरेवर हात ठेवून उभी. तुझं दर्शन झालं की मग म्हणायचे, जा आता.

उंदीर तू सोडलेस. पण पोरीला त्या गवतात मी बसवून ठेवलं, तुला बघायला.

हे मी तन्वीरला सांगितलं नाही, इफरालाही नाही. तुलाच सांगते.

डबा पाठवतेय. रिकामा नाही. उघडून बघ, दोन लवंगा आहेत.

रविवारी इफराला सोडायला मी येतेय. ती तुझ्याकडेच राहील, आणि मीही दोन दिवस राहीन. पायरी साफ केलीस ना? मी तिथे उभी राहीन. तू तुझ्या बाजूनं भिंतीवरून ओरड, "सायरा, माफ केलं गं," म्हणून. मोठ्यानं ओरडायची गरज नाही. मी यंत्र घालून येतेय.

सायरा